पाण्याच्या मापाला शिकलेला निरीक्षक हवा

तंत्रनिकेतनात शिकवत असताना हायड्रॉलिक्सच्या प्रयोगशाळेत मी दरवर्षी एक साधा प्रयोग करून घेत असे. घरगुती नळजोडावर बसवतात तो १५ मिलिमीटरचा पाण्याचा मीटर बाकावर जोडायचा, त्यातून गेलेले पाणी मोजणीच्या टाकीत घ्यायचे आणि मीटरने दाखवलेला आकडा व टाकीतला खरा आकडा यांतला फरक शेकड्यात काढायचा. एका वर्षी एकाच मीटरवर, एकाच दुपारी, तीन गटांनी तीन वेगवेगळी उत्तरे आणली. एकाच्या मते मीटर जलद होता, म्हणजे खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवत होता, दुसऱ्याच्या मते मंद, म्हणजे कमी दाखवणारा, आणि तिसऱ्याच्या मते बरोबर. शोध घेतला तेव्हा लक्षात आले, की पहिल्या गटाने नळीतली हवा पूर्ण बाहेर काढण्याआधीच सुरुवातीचे वाचन घेतले होते आणि दुसऱ्या गटातल्या मुलाने टाकीच्या काचनळीतली शेवटची पातळी खालून, तिरक्या नजरेने वाचली होती. तिसऱ्या गटाने सांगितल्याप्रमाणे सगळे केले होते. तिन्ही उत्तरे वहीत सारख्याच ठामपणे लिहिलेली होती आणि केवळ वही पाहणाऱ्याला त्यांतले खरे कोणते हे कधीच कळले नसते.

हा प्रसंग आज आठवण्याचे कारण असे, की आपल्या शहरांत पाण्याचे मीटर झपाट्याने बसू लागले आहेत. पुण्याच्या समान पाणीपुरवठा योजनेत घरोघरच्या नळजोडांवर दुरून वाचता येणारे मीटर बसवण्याचे काम गेली काही वर्षे चालू आहे. नागपुरात चोवीस तास पाण्याच्या योजनेबरोबर मीटर आले. आणि कराडजवळच्या मलकापूरसारख्या छोट्या गावाने तर मोठ्या महापालिकांच्या आधी मीटर लावून, जास्त वापराला चढा दर आकारून, चोवीस तास पाणी देऊन दाखवले. मीटर असावा की नसावा हा वाद अजून संपलेला नाही, पण तो बसल्यावर त्याचा आकडा खरा आहे हे कोण तपासणार आणि तपासणाऱ्याला ते काम कोणी शिकवले आहे, या प्रश्नाची चर्चा मात्र जवळपास कोठेच होत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे, की मीटरप्रमाणे पाणीपट्टी आकारण्याआधी शासनाने पाण्याच्या मीटरची चाचणी व पडताळणी करू शकणारे, विक्रेत्यापासून स्वतंत्र असलेले आणि प्रत्यक्ष हाताने शिकलेले निरीक्षक तयार केले पाहिजेत; ते तयार नसताना पाठवलेले बिल हे न तपासलेल्या तराजूवरची विक्री ठरते.

‘मापात पाप’ हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत उगाच आलेला नाही. पायली, अधोली, मापटे, चिपटे यांनी धान्य मोजले जात होते तेव्हाही खरे भांडण मापाच्या आकारापेक्षा ते भरण्याच्या पद्धतीवर होत असे: सपाट माप की शिगेचे, आणि शीग लावणारा हात कोणाचा. स्वातंत्र्यानंतर १९५६ च्या कायद्याने देशभर दशमान वजने-मापे आणली, पुढे १९७६ चा कायदा आला आणि आता २००९ चा वैध मापन कायदा लागू आहे. व्यवहारात वापरल्या जाणाऱ्या वजन-मापांच्या नमुन्याला मान्यता, त्यानंतर प्रत्येक नगाची पडताळणी व मुद्रांकन, आणि ठरलेल्या मुदतीने पुनर्पडताळणी, अशी त्याची रचना आहे. पाण्याचा मीटर या कायद्याच्या बाहेर नाही. त्याच्या रचनेच्या व अचूकतेच्या अपेक्षा २०११ च्या सर्वसाधारण नियमांत दिलेल्या आहेत आणि शासनमान्य चाचणी केंद्रांसाठी २०१३ साली जे नियम झाले, त्यांतही ज्या उपकरणांची पडताळणी अशा केंद्रांकडे देता येते त्या यादीत पाण्याचा मीटर आहे. कायद्याची बाजू अशी पुरेशी भक्कम आहे.

अडचण अंमलबजावणीत आहे. वाण्याच्या दुकानातल्या तराजूवर वैध मापन विभागाची मुद्रा असते हे लहान मुलालाही माहीत आहे, आणि वजने व साध्या तराजूंची पुनर्पडताळणी दर २४ महिन्यांनी करावी लागते. पेट्रोल पंपावर शंका आली तर पाच लिटरचे प्रमाणित माप मागता येते आणि त्यात २५ मिलिलिटरपेक्षा जास्त तूट चालत नाही, म्हणजे शेकडा अर्धा. हा हक्क केवळ फलकावर लिहिल्यामुळे टिकलेला नाही. तो टिकला, कारण त्या मापाच्या मागे एक निरीक्षक उभा आहे, त्याला पंप कसा तपासायचा हे शिकवलेले आहे आणि पंपचालकाला ते ठाऊक आहे. पाण्याच्या मीटरच्या बाबतीत सामान्य माणसाने असा निरीक्षक कधी पाहिलेला नाही. विजेच्या ग्राहकासाठी २००३ च्या वीज कायद्याने ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आणि त्याच्यावर विद्युत लोकपाल अशा पायऱ्या घालून दिल्या. नळाच्या ग्राहकाला मात्र ज्या कार्यालयाने बिल पाठवले, त्याच कार्यालयाच्या खिडकीवर जाऊन उभे राहावे लागते.

आमच्याच इमारतीत घडलेली गोष्ट सांगतो. पाणी पहाटे येते. येण्याआधी काही मिनिटे नळांतून हवेचा फूत्कार ऐकू येतो आणि त्या वेळी खाली जाऊन मीटरवर विजेरी मारली, तर काचेखालचे छोटे चाक भिंगरीसारखे फिरताना दिसते. पाण्याचा थेंबही तेव्हा टाकीत पडलेला नसतो. बिल फुगल्याची तक्रार केल्यावर पाणीपुरवठा कार्यालयातून एक कर्मचारी आला. माणूस सज्जन होता. त्याने प्लास्टिकची वीस लिटरची बादली मागवली, नळ पूर्ण सोडून ती दोनदा भरली, मीटरवरचा आकडा पाहिला आणि मीटर ठीक असल्याचे सांगून तो निघून गेला. कागद काहीच दिला नाही, कारण द्यायचा कागदच त्याच्याजवळ नव्हता. बादलीवरची रेघ कोणी प्रमाणित केलेली नव्हती, चाचणी फक्त मोठ्या प्रवाहाला झाली होती आणि ज्या हवेबद्दल आमची तक्रार होती, ती तो येण्याच्या कितीतरी आधी निघून गेली होती. त्या माणसाला मी दोष देत नाही. त्याला कोणी काही शिकवलेच नव्हते.

खरी चाचणी म्हणजे काय, हे थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण निरीक्षकाला वेगळे शिक्षण कशाला, या प्रश्नाचे उत्तर त्या तपशिलातच आहे. घरगुती मीटरसाठी भारतीय मानक ७७९ आहे आणि चाचणीच्या पद्धतीसाठी भारतीय मानक ६७८४. मीटर सर्व प्रवाहांना सारखाच अचूक असावा, अशी अपेक्षा हे मानक करत नाही, कारण यंत्र तसे नसतेच. अचूकतेच्या ‘ब’ वर्गाचा, नेहमीच्या वापरासाठी ताशी दीड हजार लिटर प्रवाह ठरवलेला १५ मिलिमीटरचा मीटर घेतला, तर त्याचा किमान प्रवाह ताशी ३० लिटर, संक्रमण प्रवाह ताशी १२० लिटर आणि कमाल प्रवाह ताशी ३,००० लिटर असतो. किमान ते संक्रमण या पट्ट्यात शेकडा पाचपर्यंत चूक चालते आणि त्यापुढे शेकडा दोनपर्यंतच. म्हणजे एकाच मीटरला दोन कसोट्या आहेत आणि चाचणी करणाऱ्याने कमीत कमी तीन-चार वेगवेगळ्या प्रवाहांना, प्रत्येक वेळी प्रवाह स्थिर झाल्यावर, वाचन घेतले पाहिजे.

यात सर्वांत जास्त टाळाटाळ होते ती किमान प्रवाहाच्या चाचणीत. ताशी ३० लिटर म्हणजे मिनिटाला अर्धा लिटर, करंगळीपेक्षाही बारीक धार. त्या धारेने दहा लिटरचे प्रमाणित भांडे भरायला वीस मिनिटे लागतात. वीस मिनिटे व्हॉल्व्हला हात न लावता, दाब हलू न देता थांबायचे, आणि शेवटी मीटर ९.७ लिटर दाखवतो की ९.४, हे पाहायचे. पहिला उत्तीर्ण आणि दुसरा नापास. ज्याला घाई आहे तो ही चाचणी सोडतो किंवा प्रवाह थोडा वाढवतो, आणि प्रवाह थोडा वाढवला की थकलेला मीटरही पास होतो. मीटर झिजतो तो आधी याच टोकाला झिजतो. त्यामुळे किमान प्रवाहाची चाचणी गाळणे म्हणजे रुग्णाची नाडी न पाहता त्याला धडधाकट असल्याचा दाखला देणे होय.

याचा परिणाम दोन्ही बाजूंना होतो, हे नागरिकांनीही समजून घेतले पाहिजे. आपल्याकडे बहुतेक इमारतींत पाणी गच्चीवरच्या किंवा जमिनीखालच्या टाकीत पडते आणि टाकी भरत आली की फ्लोट व्हॉल्व्ह हळूहळू मिटत जातो. शेवटच्या टप्प्यातली धार इतकी बारीक असते, की मीटरला ती दिसतच नाही. ताशी वीस लिटरची न नोंदली जाणारी धार दिवसभर चालली, तर ४८० लिटर पाणी हिशेबाबाहेर जाते, आणि महापालिका त्याला गळती म्हणते. उलट अर्धवेळ पाणीपुरवठ्यात हवेमुळे मीटर जास्त आकडा दाखवतो, त्याचा भुर्दंड ग्राहकाला बसतो. शिवाय अनेक गल्ल्यांत सर्व्हिस लाइनला थेट पाणी ओढणारे छोटे टिल्लू पंप जोडलेले असतात. ते चालू झाले की शेजारच्या नळजोडातला दाब कोसळतो आणि तिथला मीटर किमान प्रवाहाच्याही खाली जातो. प्रयोगशाळेच्या बाकावर उत्तम वागणारा मीटर अशा रस्त्यावर कसा वागेल, हे ओळखायला मीटरचे आणि जाळ्याचे, दोन्हींचे ज्ञान लागते. आडव्या नळीवर बसवायचा मीटर प्लंबरने उभ्या नळीवर बसवला आहे का, तो बाणाच्या उलट दिशेने लागला आहे का, त्याच्या लगेच आधी वळण किंवा अर्धवट उघडलेला व्हॉल्व्ह आहे का, गाळणीत वाळू अडकली आहे का, हे सगळे पाहिल्याशिवाय ‘मीटर सदोष’ किंवा ‘मीटर निर्दोष’ असे लिहिणे चुकीचे आहे.

आता या कामासाठी आपल्याकडे माणसे कशी घडतात ते पाहू. वैध मापन अधिकाऱ्यांचे मूलभूत प्रशिक्षण रांचीच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ लीगल मेट्रॉलॉजी या केंद्रीय संस्थेत होते आणि तो अभ्यासक्रम चार महिन्यांचा आहे. नेमणुकीसाठी विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पात्रता लागते. म्हणजे कच्चा माल चांगला आहे आणि संस्थाही आहे. परंतु त्या चार महिन्यांत वजने, काटे, वे-ब्रिज, पेट्रोल पंप, टँकर, आवेष्टित वस्तूंवरच्या घोषणा, कायद्याची कलमे आणि खटले चालवण्याची पद्धत असे अनेक विषय बसवायचे असतात. परत आल्यावर निरीक्षकाचा दिवस बाजारातले काटे, पंप आणि पाकिटांवरची छापील किंमत यांतच जातो. पाण्याचे मीटर तपासण्याचा बाक ज्या तालुक्यात नाही, तिथल्या निरीक्षकाने तो विषय विसरला, तर नवल नाही. हाताला सराव नसेल, तर शिकलेले काही वर्षांत पुसले जाते, हे मी विद्यार्थ्यांत पाहिले आहे.

म्हणून मला वाटते, की महाराष्ट्राने रांचीच्या अभ्यासक्रमाला पुढे जोडून पाण्याच्या मीटरसाठी स्वतंत्र प्रशिक्षण उभे करावे, आणि ते वर्गात न ठेवता चाचणीच्या बाकावर ठेवावे. त्यासाठी दूर जावे लागत नाही. पुण्याजवळ खडकवासल्याला १९१६ सालापासून चालत आलेली केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था आहे. प्रवाह मोजण्याचे शास्त्र तिथे शंभर वर्षांहून अधिक काळ जोपासले गेले आहे. केरळात पलक्कडला फ्लुइड कंट्रोल रिसर्च इन्स्टिट्यूट आहे, जिथे पाण्याच्या मीटरच्या चाचण्या नियमित होतात. ज्या धरणाचे पाणी पुणेकर पितात, त्याच धरणाच्या पायथ्याशी मोजमाप शिकवण्याची क्षमता असताना शहरातला मीटर बादलीने तपासला जावा, याचे मला मनापासून दुःख होते.

यावर काही आक्षेप येतील आणि ते विचारात घेण्यासारखे आहेत. पहिला असा, की आता मीटर स्मार्ट झाले आहेत, ते आकडा थेट संगणकाला पाठवतात, मग निरीक्षकाची गरज काय? या आक्षेपात वाचन आणि मापन यांची गल्लत आहे. दुरून वाचता येणारा मीटर मीटर-वाचकाची चूक टाळतो, सरासरी बिलाची सबब काढून घेतो, हे खरे. पण आतला पंखा झिजला असेल, तर तो चुकीचा आकडाच अचूकपणे पाठवतो. ध्वनिलहरींनी प्रवाह मोजणाऱ्या अल्ट्रासॉनिक मीटरमध्ये फिरणारा भाग नसतो, तरीही संवेदकावर क्षार बसणे, नळी अर्धवट भरलेली असणे, बॅटरी उतरणे हे प्रश्न राहतात. उलट अशा मीटरमध्ये चूक डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे तपासणाऱ्याला जास्तच शिकावे लागते.

दुसरा आक्षेप खर्चाचा. लाखो मीटर एकेक करून बाकावर आणणे अशक्य आहे, हे मान्यच केले पाहिजे. जर्मनीत पाण्याच्या मीटरच्या पडताळणीची मुदत ६ वर्षे आहे आणि ती संपण्याआधी एकाच प्रकारच्या मीटरांच्या गटातून नमुने काढून तपासतात. नमुने उत्तीर्ण झाले, तर संपूर्ण गटाची मुदत वाढते, नाही तर गट बदलावा लागतो. ही पद्धत आपल्याला सहज झेपण्यासारखी आहे. मात्र तिचे सारे बळ नमुना कोण निवडतो यावर अवलंबून असते. पुरवठादाराने खोक्यातून काढून दिलेले मीटर तपासले, तर तो नमुना राहत नाही. क्रमांकांच्या यादीतून निरीक्षकाने स्वतः चिठ्ठी काढावी, मीटर बसवलेल्या जागेवरून स्वतःसमोर उतरवून घ्यावा, त्याच्या दोन्ही टोकांना लगेच बूच लावून तो ओलाच प्रयोगशाळेत न्यावा, कारण सुकलेल्या मीटरमधला गाळ घट्ट होतो आणि त्याचे वागणे बदलते. अशा बारीक गोष्टी नियमपुस्तकात लिहून भागत नाहीत, शिकवाव्या लागतात.

तिसरा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. महापालिका म्हणेल, आमचा स्वतःचा चाचणी विभाग आहे किंवा आम्ही एखाद्या प्रयोगशाळेशी करार करू. चाचणी केंद्रे खासगी असायला माझी हरकत नाही. कायद्याने ती वाट मोकळी ठेवली आहे. परंतु पाणी विकणारा, मीटर पुरवणारा आणि मीटर तपासणारा यांचे हितसंबंध एकत्र येता कामा नयेत, आणि केंद्रातला तंत्रज्ञ कोणाकडून शिकला आहे, त्याची परीक्षा कोणी घेतली आहे, हे शासनाच्या हातात असले पाहिजे. केंद्राला मान्यता देताना यंत्रसामग्रीची यादी बारकाईने तपासली जाते. तितक्याच बारकाईने तिथल्या माणसाच्या हाताची परीक्षा झाली पाहिजे.

मीटरलाच ज्यांचा विरोध आहे, त्यांच्याशीही या प्रश्नावर बोलता येते. मीटर म्हणजे पाण्याच्या खासगीकरणाची पहिली पायरी, ही भीती मुंबईपासून नागपूरपर्यंत अनेक आंदोलनांत व्यक्त झाली आहे आणि तिला केवळ अडाणीपणा म्हणून झटकणे अन्यायाचे आहे. दर किती असावा, गरीब कुटुंबाला किती पाणी मोफत मिळावे, हे राजकीय निर्णय आहेत आणि ते लोकांनीच घ्यायचे आहेत. पण दर काहीही ठरला, तरी माप खरे हवे. दरडोई दिवसाला १३५ लिटर धरले, तर पाच माणसांच्या घराला महिन्याला सुमारे वीस हजार लिटर लागतात. मीटर शेकडा पाच जलद असेल, तर त्या घराला न वापरलेल्या एक हजार लिटरचे पैसे भरावे लागतात, आणि चढत्या दराच्या रचनेत ते हजार लिटर नेमके सर्वांत महाग टप्प्यात जाऊन पडू शकतात. एक लाख नळजोडांच्या शहरात हीच चूक महिन्याला दहा कोटी लिटरचा हिशेब बिघडवते. उलट तितकेच मीटर मंद असतील, तर तेवढाच महसूल बुडतो, तो भरून काढायला दर वाढतो, आणि ज्यांचा मीटर बरोबर आहे त्यांना तो भरावा लागतो.

प्रशिक्षणाची परीक्षा कशी असावी, याबद्दल माझ्या मनात एक चित्र आहे. प्रशिक्षणार्थीला तीन मीटर द्यावेत. एक चांगला, एक किमान प्रवाहाला थकलेला पण मोठ्या प्रवाहाला व्यवस्थित चालणारा, आणि एक यंत्र म्हणून निर्दोष असूनही रस्त्यावर उलटा बसवलेला. पहिले दोन त्याने बाकावर तपासावेत, आणि तिसरा जिथे बसवला आहे तिथे जाऊन, पाणी येण्याच्या वेळी पहाटे उभे राहून पाहावा. चाचणीतली अनिश्चितता किती, भांडे कधी प्रमाणित केलेले, पाण्याचे तापमान किती, हे त्याला विचारावे. शेवटी त्याने तिन्हींचे अहवाल मराठीत लिहावेत: कोणत्या प्रवाहाला किती चूक आढळली, मर्यादा किती होती, मागच्या किती महिन्यांचे बिल दुरुस्त व्हायला हवे, आणि निर्णय मान्य नसल्यास कोणाकडे किती दिवसांत जायचे. अहवालाची एक प्रत महापालिकेला आणि एक तक्रारदाराला द्यावी, आणि परीक्षकाने तक्रारदाराच्या जागी एखाद्या गृहिणीला किंवा रिक्षाचालकाला बसवून तो कागद तिला किंवा त्याला समजला का, हे विचारून मगच गुण द्यावेत.